घरात उंदीर शिरलाय? पिंजरा सगळ्यात शेवटी

रात्री ओट्याखाली खुडबुड ऐकू येते, सकाळी पोळ्यांच्या डब्याशेजारी काळ्या लेंड्या दिसतात, आणि संध्याकाळपर्यंत घरात विषाची वडी नाहीतर चिकट पुठ्ठा येतो. थोड्या मऊ मनाची माणसं पिंजरा आणतात. तिघांचीही सुरुवात चुकीच्या टोकाने होते. उंदीर कुठून येतो आणि कशासाठी येतो हे कोणीच पाहिलेलं नसतं. वाट उघडी आणि खाणं शिल्लक असेल तर एक गेल्यावर दुसरा येणारच, आणि तुम्ही महिनोन् महिने जीव मारत किंवा पकडत बसाल.

त्यामुळे क्रम असा ठेवा: ओळख, मग खाणं बंद, मग वाटा बंद, आणि तरीही आत कोणी उरलं तर पिंजरा. फ्लॅटमध्ये हे सगळं साधारण आठ-दहा दिवसांचं काम आहे. पुष्कळ घरांत पिंजऱ्यापर्यंत वेळच येत नाही.

आधी ओळख पटवा

घरातला छोटा उंदीर शेपूट सोडून 7 ते 10 सेंटीमीटर लांब असतो आणि वजनाला 15-20 ग्रॅमच्या आसपास. त्याच्या लेंड्या 3 ते 6 मिलिमीटरच्या, तांदळाच्या कणीसारख्या, टोकाला निमुळत्या. लेंडी सेंटीमीटरभर किंवा त्याहून मोठी असेल तर तो मोठा उंदीर आहे, पाइपांवरून आणि माळ्यावरून फिरणारा. बागेत किंवा गटाराजवळ मातीचा ढिगारा आणि हाताचा पंजा जाईल एवढं बीळ असेल तर घूस. आणि पालीच्या विष्ठेला टोकाशी पांढरा ठिपका असतो; ती पाहून उंदीर शोधत बसू नका.

चिचुंद्री मात्र वेगळीच. लांब सोंडेसारखं नाक, बारीक डोळे, उग्र वास, आणि भिंतीच्या कडेने पळताना चीं-चीं आवाज. ती उंदराच्या कुळातली नाही. झुरळं आणि किडे खाते, पोती कुरतडत नाही. ती दिसली तर दार उघडं ठेवून बाहेर जाऊ द्या. घरात चिचुंद्री वारंवार येत असेल तर झुरळं वाढली आहेत असं समजावं.

हा लेख मुख्यतः छोट्या उंदराबद्दल आहे. मोठ्या उंदराला तेच उपाय चालतात, पण तो नव्या वस्तूला बिचकतो. पिंजरा ठेवल्यावर आठवडाभर त्याच्याजवळ फिरकणारही नाही. छोटा उंदीर उलट चौकस, नवी वस्तू दिसली की पहिल्या रात्रीच हुंगायला येतो.

येण्या-जाण्याची वाट शोधायला टाल्कम पावडर वापरा. झोपण्यापूर्वी ओट्याखाली, फ्रिजमागे, सिंकच्या पाइपाजवळ आणि मुख्य दाराशी चिमूटभर पावडर पातळ पसरा. सकाळी टॉर्च जमिनीलगत आडवा धरून पाहा, पावलं आणि शेपटीची रेघ स्पष्ट दिसते. उंदराची नजर कमजोर असते. तो मिशा भिंतीला घासत चालतो, त्यामुळे खोलीच्या मध्यात शोधण्यात वेळ घालवू नका. जुन्या वाटेवर भिंतीला तेलकट काळपट पट्टाही पडलेला असतो.

खाणं बंद: इथे घरोघरी फसतं

छोट्या उंदराला दिवसाला 3 ग्रॅमच्या आसपास अन्न पुरतं. म्हणजे शेंगदाण्याचे चार-पाच दाणे. "आमचं स्वयंपाकघर स्वच्छ असतं" याला त्याच्या दृष्टीने फारसा अर्थ नाही. पाण्याचीही त्याला फारशी गरज नसते, अन्नातला ओलावा बराच पुरतो.

डाळ-तांदूळ झाकणवाल्या स्टीलच्या डब्यांत हलवा. प्लास्टिकचा डबा तो रात्रीत कुरतडतो, विशेषतः झाकणाच्या कडेला. तांदळाचं पोतं ठेवावंच लागत असेल तर पत्र्याच्या कोठीत. हे बहुतेकांना माहीत असतं. राहून जातात त्या जागा अशा: शेगडीखालची तेलकट चिकट जागा, मिक्सरच्या बुडाशी साचलेलं पीठ, ट्रॉल्यांच्या रुळांत पडलेले दाणे, कांदे-बटाट्यांची उघडी टोपली, कुत्र्या-मांजराची रात्रभर भरून ठेवलेली वाटी.

देवघर तर जवळजवळ प्रत्येक जण विसरतो. निरांजनातलं तूप, समईतलं तेल, नैवेद्याची साखर, सगळं रात्रभर उघडं. कापसाच्या वाती तो घरट्यासाठी ओढून नेतो. साबणाची वडी आणि मेणबत्तीही खातो. आणि बाल्कनीत कबुतरांना दाणे घालणं चालू असेल तर बाकीचे उपाय करूच नका, आधी ते थांबवा.

ओला कचरा रात्री घरात ठेवायचाच असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात. दाराबाहेर पिशवी टांगून ठेवणं म्हणजे जिन्यावरच्या उंदराला तुमच्या दाराचा पत्ता देणं.

माळ्यावरची जुनी वर्तमानपत्रं, फाटक्या गोधड्या, खोक्यातला थर्माकोल हे घरट्याचं सामान. एक दिवस काढा आणि माळा रिकामा करा. मात्र आवरताना घरटं सापडण्याची शक्यता गृहीत धरा. त्याचं पुढे येतंच आहे.

वाटा बंद करणं

साध्या शिसपेन्सिलीची जाडी सात-आठ मिलिमीटर असते. छोटा उंदीर 6 मिलिमीटरच्या फटीतूनही अंग चपटं करून शिरतो. ज्या फटीत पेन्सिल आडवी सरकते ती फट उघडं दार समजा. पेन्सिल घेऊन घरभर फिरा आणि जिथे जाईल तिथे खडूने खूण करा.

फ्लॅटमध्ये पहिला संशयित सिंकखालचा पाइप. भिंतीतून तो बाहेर डक्टमध्ये जातो आणि त्याच्याभोवती प्लंबरने सोडलेलं भगदाड ट्रॉलीमागे झाकलेलं असतं. ट्रॉली पूर्ण बाहेर काढल्याशिवाय दिसत नाही. दुसरा एसीच्या नळ्यांचा, तिसरा एक्झॉस्ट पंख्याचा. चौथा वॉशिंग मशीनचा पाइप ज्या जाळीत नुसता खोचलेला असतो ती मोरीची जाळी. आणि मग मुख्य दाराखालची फट, जी जिन्यातला उजेड दिसतो म्हणून सगळ्यांना माहीत असते आणि कोणी बुजवत नाही.

भोक सापडलं की लगेच सिमेंट कालवू नका. आत पिल्लं असतील तर आई बाहेर राहील आणि ती भिंतीत उपाशी मरतील. किंवा आईच आत अडकेल. चार दिवसांनी वास येईल तो वेगळाच. आधी वर्तमानपत्राचा सैल बोळा भोकात बसवा आणि सकाळी पाहा.

बोळा खोलीच्या बाजूला पडलेला असेल तर कोणीतरी पलीकडून आत आलं. आत, भोकाच्या दिशेने ढकललेला असेल तर घरातलं कोणी बाहेर गेलं. सलग तीन-चार रात्री बोळा जसाच्या तसा राहिला तर ती वाट वापरात नाही, ती खुशाल बुजवा. अशा सगळ्या निकामी वाटा आधी बंद करून टाका. वापरातली एक वाट तेवढी शिल्लक ठेवा.

बुजवायला काय वापरायचं:

लहान फटीला स्टेनलेस स्टीलची तारेची घासणी, म्हणजे भांडी घासायची तीच, दाबून भरा आणि वरून सीलंट किंवा एम-सील लावा. साधी लोखंडी तार वापरली तर एका पावसाळ्यात गंजून तिचा भुगा होतो. नुसता फोम फवारणं निरुपयोगी आहे. उंदीर तो पावासारखा पोखरतो. मोठ्या भोकाला एक भाग सिमेंट, तीन भाग वाळू. त्याआधी भोकात पाव इंची चौकोनांच्या वेल्डेड जाळीचा तुकडा बसवा म्हणजे ओला माल गळत नाही. सिमेंटमध्ये काचा कालवायची जुनी पद्धत आहे. त्याची काही गरज नाही. काचेने उंदीर चिरतो, पुढे कधी पाइप बदलायला आलेल्या प्लंबरचा हातही.

पाइपगॅसच्या तांब्याच्या नळीभोवती स्वतः काही थापू नका. तिला सिमेंट आणि लोखंडी तार दोन्ही लागता कामा नयेत. गॅस कंपनीच्या माणसाकडून ते काम करून घ्या.

दाराखाली अॅल्युमिनियमच्या पट्टीत बसवलेला ब्रश मिळतो, तो स्क्रूने लावा. चिकटवायची फोमची पट्टी कुरतडली जाते. खिडक्यांची नायलॉनची जाळी डासांपुरती ठीक. स्वयंपाकघराच्या खिडकीला स्टीलची लावा. मोरीची जाळी स्क्रूने घट्ट बसणारी हवी, नुसती ठेवलेली मोठा उंदीर डोक्याने उचलतो.

कौलारू घरात हे सगळं जमत नाही हे मान्य करायला हवं. वाशांची टोकं, कौलांखालच्या फटी, मातीची भिंत, किती बुजवणार? तिथे धान्याची कोठी, रात्रीचं झाकपाक आणि घराला लागून रचलेली लाकडं-गोवऱ्या चार हात लांब नेणं यावर जोर द्या. पावसाळ्याच्या सुरुवातीला बिळांत पाणी शिरतं तेव्हा, आणि भातकापणीनंतर शेतं रिकामी होतात तेव्हा, असे दोन लोंढे येतात. त्याआधीच्या पंधरवड्यात ही तयारी झाली पाहिजे. शहरात तिसरा लोंढा शेजारची जुनी इमारत पुनर्विकासासाठी पाडली की येतो.

घरटं सापडलं तर

कागदाचे, कापसाचे कातरे करून केलेला मुठीएवढा गोळा, आत गुलाबी, डोळे मिटलेली पिल्लं. पाच-सहा असतात, कधी जास्त. झाडूने सूपलीत भरून कचऱ्यात टाकणं हाच बहुतेक घरांतला रिवाज. त्यापेक्षा हे करा: हातमोजे घालून अख्खं घरटं उचला, बुटाच्या खोक्यात ठेवा, खोक्याला खाली दोन बोटं जातील एवढं भोक पाडा. खोकं त्याच खोलीत, शिल्लक ठेवलेल्या वाटेजवळ भिंतीला लावून ठेवा. दिवे बंद करा आणि रात्रभर तिकडे जाऊ नका. आई एकेक पिल्लू तोंडात धरून दुसरीकडे हलवते, आणि त्रास झालेल्या जागी ती सहसा परत राहत नाही.

पिल्लं तीन आठवड्यांची झाली की स्वतः खाऊ लागतात, आणि सहा आठवड्यांच्या सुमारास त्यांचीच वीण सुरू होऊ शकते. गर्भही तीन आठवड्यांचाच. म्हणून "बघू पुढच्या महिन्यात" हा दयाळूपणा नाही. पुढच्या महिन्यात तोच प्रश्न पाचपट झालेला असतो.

आता पिंजरा

बाजारात मिळणारा तारेचा पारंपरिक पिंजरा मोठ्या उंदरासाठी बनवलेला असतो. त्याच्या तारांमधून छोटा उंदीर आमिष खाऊन आरामात बाहेर पडतो, आणि पिंजरा भुताने रिकामा केल्यासारखा वाटतो. छोट्यासाठी बारीक जाळीचा, म्हणजे चौकोन 6 मिलिमीटरच्या आतला, किंवा पत्र्याचा बंद पिंजरा घ्या. एकाच्या जागी तीन-चार घेऊन एकाच रात्री लावणं केव्हाही चांगलं. छोटा उंदीर घरट्यापासून फार लांब जात नाही, त्यामुळे दोन-तीन मीटरवर एकेक पिंजरा हवा.

आणल्यावर तपासा. आकड्याला पेन्सिलीच्या टोकाने हलका धक्का द्या; 15 ग्रॅमच्या जिवाने ओढल्यावर दार पडलं पाहिजे. आकडा अडत असेल तर सांध्यावर खोबरेल तेलाचा थेंब सोडा. दार जिथे आपटतं त्या कडेला रबराची पातळ पट्टी चिकटवा, नाहीतर शेपूट दारात चेचते.

आमिष म्हणून भाजलेलं सुकं खोबरं उत्तम. खालोखाल शेंगदाण्याचा कूट आणि गूळ कालवून केलेली गोळी. मासळी खाणाऱ्या घरात सुक्या कोळंबीचा सोडा किंवा बोंबलाचा तुकडा. आमिष दोऱ्याने आकड्याला बांधा. नुसतं टोचलेलं तो हळूच काढून नेतो. तुकडा हरभऱ्याएवढा पुरे.

पिंजरा भिंतीला लावून, तोंड भिंतीलगतच्या वाटेकडे. वरून जाडं फडकं टाका, फक्त तोंड उघडं ठेवा. आत कागदाचे कपटे आणि काकडीची एक चकती ठेवा. अडकलेला उंदीर घाबरून थकतो, आणि पाणी, ऊब मिळाली नाही तर काही तासांत मरू शकतो. त्यासाठीच पिंजरा संध्याकाळी लावायचा, झोपण्यापूर्वी पाहायचा आणि पहाटे उठल्या उठल्या पाहायचा. चिचुंद्री अडकली तर ती उपाशी आणखी लवकर मरते. गावाला जाताना लावून ठेवलेला पिंजरा हा सर्वांत क्रूर सापळा ठरतो.

मोठ्या उंदरासाठी आधी दोन-तीन रात्री दार वर बांधून ठेवा आणि आमिष खाऊ द्या. सवय झाली की मग चाप लावा.

सोडायचं कुठे

इथे मतभेद आहेत, आणि ते उगाच नाहीत. लांब नेऊन सोडलेल्या उंदराला ना बीळ माहीत असतं ना खाण्याची जागा; पुष्कळ लवकर मरतात. जवळ सोडला तर तो परत येऊ शकतो. घर नीट बंद झालेलं असेल तर परत येण्याची भीती उरत नाही, म्हणून आमचा सल्ला जवळचाच: साधारण 100 मीटरच्या आत, आवारातली झुडपं, दगडी कुंपण, मोकळ्या जागेतलं गवत. घर बंद न करता सोडत असाल तर तुम्ही त्याला रोज फिरायला नेताय एवढंच.

वेळ तिन्हीसांजेची किंवा अगदी पहाटेची. भर उजेडात कावळे आणि घारी टपलेल्या असतात. पिंजरा झाकूनच न्या, जाड हातमोजे घाला, तोंड झुडपाकडे करून दार उघडा आणि मागे सरका. लगेच निघाला नाही तर झटकू नका, दोन-चार मिनिटं थांबा. शेजारी मूठभर धान्य टाका. दुसऱ्याच्या दुकानासमोर, शाळेच्या आवारात किंवा अभयारण्यात सोडू नका.

पिंजऱ्यासकट बादलीत बुडवायची पद्धत अजून आहे. ती पाहताना शांत वाटते म्हणून दयाळू ठरत नाही. बुडणारा जीव काही मिनिटं तडफडतो. उंदीर गंभीर जखमी असेल तर जनावरांच्या डॉक्टरकडे न्या.

जे आणू नये

चिकट पुठ्ठा. त्यावर उंदीर तासन् तास, कधी दिवसभर जिवंत चिकटून राहतो, सुटण्यासाठी स्वतःचा पाय कुरतडतो, कातडी सोलून घेतो. पाली, चिमण्या, साप हेही त्यात सापडतात. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने या पुठ्ठ्यांविरुद्ध राज्यांना सूचना दिल्या आहेत. प्राण्यांना विनाकारण यातना देणं 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम 11 मध्ये बसतं.

कोणी लावलेल्या पुठ्ठ्यावर जिवंत उंदीर सापडला तर: हातमोजे, उंदराच्या डोळ्यांवर फडकं, पुठ्ठा उंच कडांच्या टबमध्ये. मोकळ्या गोंदावर कागद किंवा पावडर टाका म्हणजे सुटलेला पाय पुन्हा चिकटणार नाही. मग कोमट गोडेतेल बोटाने चिकटलेल्या जागी लावा, पाच मिनिटं थांबा, एकेक पाय सोडवा. ओढू नका. सुटल्यावर तेल पुसून कपटे घातलेल्या खोक्यात उबेला दोन तास ठेवा.

विष. ब्रोमॅडिओलोनच्या वड्यांनी आतून रक्तस्राव होऊन उंदीर काही दिवसांनी मरतो, तोही बहुधा फॉल्स सीलिंगमध्ये, जिथून तो काढता येत नाही. तो खाणारं गव्हाणी घुबड किंवा मांजरही मरू शकतं. झिंक फॉस्फाइड पोटात विषारी वायू तयार करतं. पिवळ्या फॉस्फरसचा लगदा तर घरात आणूच नका: माणसाच्या पोटात गेला तर यकृत निकामी होतं आणि त्याला उतारा नाही.

कानाला न ऐकू येणाऱ्या आवाजाची यंत्रं काही दिवसांत उंदराच्या अंगवळणी पडतात. डांबरगोळ्या त्याला क्वचितच हटवतात, लहान मुलांना मात्र अपाय करतात.

धान्याचं गोदाम किंवा उपाहारगृह असेल आणि संख्या हाताबाहेर गेली असेल, तर पिंजरे पुरत नाहीत हेही सांगायला हवं. तिथे मारणं टळत नसेल तर जोरकस स्प्रिंगचा, मानेवर बसणारा चाप विष आणि गोंदापेक्षा कितीतरी कमी यातनेचा. सैल स्प्रिंगचा स्वस्त चाप नुसता पाय मोडतो.

मागची साफसफाई

लेंड्या कोरड्या झाडू नका आणि व्हॅक्यूमही फिरवू नका, धुरळा श्वासात जातो. खिडक्या अर्धा तास उघड्या ठेवा. एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी असं ताजं मिश्रण लेंड्यांवर भिजेल इतकं ओता, पाच मिनिटं थांबा, मग कागदाने टिपून पिशवीत बांधा. ब्लीचमध्ये संडासाचं अॅसिड चुकूनही मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो. पावसाळ्यात याची जास्त काळजी घ्या, कारण लेप्टोचे जंतू उंदराच्या मूत्रातून पसरतात आणि पायावरच्या जखमेतून शरीरात शिरतात. नंतर पंधरा दिवसांत ताप, अंगदुखी, लाल डोळे झाले तर डॉक्टरांना उंदरांचा संपर्क आवर्जून सांगा. चावला असेल तर साबण आणि वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

साफसफाई झाल्यावर पुन्हा पावडर पसरा. आठवडाभर पावलं उमटली नाहीत की शिल्लक ठेवलेली शेवटची वाटही, बोळ्याची परीक्षा घेऊन, बुजवून टाका. पिंजरे बिनवासाच्या साबणाने धुवून उन्हात वाळवा. फिनाइलने धुतलात तर पुढच्या वेळी उंदीर त्यांच्या जवळ येणार नाही.